मामांची वामकुक्षी

प्रयोगशाळेतल्या उंदरांना दाणापाणी करणारे, पिंजरे झाडणारे आणि काचेच्या बाटल्या धुणारे ते मामा. कुणाच्याही आईचे भाऊ नसताना सगळ्या इमारतीचे मामा. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांचं ठाम मत झालं होतं की इथे डोकं दोघांनाच आहे, त्यांना आणि उंदरांना. साहेबांना ते यात धरत नसत.

उंदीर आजारी पडला की मामांना यंत्राआधी कळायचं. धडधाकट उंदीर कापसाचं घरटं करतो. आजारी उंदीर कापसाकडे ढुंकूनही बघत नाही, कोपऱ्यात तोंड फुगवून बसतो. ताप आल्यावर आमची ही अश्शीच बसते, असं मामा सांगायचे, अर्थात हिच्या माघारी.

पीएचडी करणारी एक मुलगी त्या वर्षी मेंदूवर काम करत होती. वीस उंदरांना ती जंतूंचं विष टोचायची आणि वीस उंदरांना नुसतं मिठाचं पाणी. विष अंगात भिनलं की मेंदूतल्या राखणदार पेशी जाग्या होऊन धोक्याचे निरोप धाडत सुटतात आणि त्यानेच उंदीर मलूल पडतो. पाणीवाले मात्र ठणठणीत राहायला हवे होते. दुसऱ्या दिवशी मामांनीच बोंब ठोकली की चाळीसच्या चाळीस रुसून बसलेत. त्यांना मारून मेंदू तपासले, तर सगळीकडे त्याच निरोपांचा सुळसुळाट.

साहेबांनी पाच मिनिटांत निकाल लावला. पोरीने सरसकट सगळ्यांनाच विष टोचलं, असल्या वेंधळ्या कारभाराला पुढच्या महिन्यापासून इथे जागा नाही.

मुलगी रडवेली होऊन धुण्याच्या खोलीत आली आणि एकेक गोष्ट पुन्हा तपासू लागली. मिठाचं पाणी ती ज्यांत भरून ठेवायची, त्या बाटल्यांवर तिचा अजिबात संशय नव्हता.

"वाफेने जंतू मरतात, मामा, पण त्यांचं विष तसंच राहतं. ते जायला कोरड्या भट्टीतच भाजावं लागतं. तुम्ही भाजता, म्हणून तिथली काळजी नाही."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. भट्टी पेटली की ती खोली तापायची, आणि जेवणानंतर मामा तिथेच आडवे व्हायचे. म्हणून तीन महिने त्यांनी भट्टीला हातच लावला नव्हता. बाटल्या दोन दोन दिवस टबात भिजत पडायच्या, मग शेजारच्या खोलीत वाफेवर निघायच्या. जंतू मेले ना, मग झालं, असा त्यांचा खाक्या.

गप्प बसणं सोपं होतं. निवृत्तीला चारच महिने उरले होते आणि त्यांच्याकडे कुणी बोटही दाखवलं नव्हतं. मामांनी चष्मा पुसला, तोंडातल्या तोंडात स्वतःला एक शिवी हासडली आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"बाटल्या मी भाजल्या नाहीत. मला दुपारी झोप येते."

साहेब पाव तास बरसले. मामांना लेखी समज मिळाली, मुलीची जागा वाचली आणि चाळीस नव्या उंदरांची मागणी गेली. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा मामा रिकामे पिंजरे घासत होते. ती हसून म्हणाली, "सगळं पुन्हा करू, मामा. काही फुकट नाही गेलं."

मामांनी चहाला हात लावला नाही.

"तुमचं नाही गेलं, पोरी," ते म्हणाले. "ते चाळीस गेले."