बैलाने नाकारलेली पुरणपोळी

मी मुळात कमी बोलणारा. पण तपासणीत साखर निघाली आणि मला वाचा फुटली. लोहाऱ्याकडच्या एका रोपवाटिकेतून बायकोने स्टीव्हियाची रोपं आणली. पानं सावलीत वाळवून ती मिक्सरमधून काढायची आणि तीच हिरवट भुकटी चहात पडायची. साखर-गूळ घरातून हद्दपार झाले. चहा गोडच लागायचा, फक्त घोट गिळल्यावर जिभेच्या मागे काहीतरी कडवट रेंगाळायचं. मी मात्र घोटाघोटाला मान डोलवायचो. कोणाच्या तेरवीला गेलो तरी बुंदी वाढणाऱ्याला थांबवून या पानाचं माहात्म्य सांगायचो. पंगत खोळंबायची.

बायकोला साखरेचा काहीच आजार नव्हता. गुळाचा चहा म्हणजे तिचा जीव की प्राण. पण "तुमच्यासमोर मी गोड खाऊ, हे मले नाही जमत," म्हणाली आणि तिनेही तो हिरवा चहा जवळ केला. मी अडवलं नाही. त्यागाला सोबत असली की तो जास्त शोभतो.

आता जे लिहायचं ते लिहितो. मी कळंबला जायचो. घरी सांगायचो चिंतामणीचं दर्शन, आणि दर्शन घ्यायचोही. मग बाहेर येऊन पाव किलो पेढे. प्रसादाला नाही म्हणू नये, एवढं मला माहीत होतं. तो किती घ्यावा, हे मी देवाला कधी विचारलं नाही. घरी येऊन तिच्या हातचा चहा पीत म्हणायचो, "याच्यापुढं साखर काय चीज आहे?" ती खूश व्हायची. तिचा तो चेहरा मला टोचायचा, आणि पुढच्या चतुर्थीला पाय पुन्हा कळंबकडेच वळायचे.

यंदा पोळ्याला धाकट्या भावाकडे गावी गेलो. बायको आदल्या दिवशीच पुढे गेली होती. वाटेत कळंबला उतरून मी नेहमीचं काम उरकलं आणि उरलेले पेढे कागदात गुंडाळून झब्ब्याच्या खिशात घातले.

माझ्यासाठी म्हणून तिने सगळ्यांचंच पुरण स्टीव्हियाचं केलं होतं. गूळ नाही म्हणून पुरण भुरभुरीत, पोळ्या तव्यावर उकललेल्या. भावाने पाहिलं, पण वहिनीपुढे बोलायची त्याची टाप नाही.

बैल दारी आले. पाय धुतले, ओवाळून झालं. आमच्याकडे बैलाने पोळी खाल्ल्याशिवाय घरातली पानं वाढत नाहीत. बायकोने पोळी पुढे केली. बैलाने हुंगली आणि तोंड फिरवलं.

"काहून रे, खाय न."

"वहिनी, शुगर दादाले आहे, त्याले नाही," भाऊ हळूच म्हणाला.

सगळे उपाशी उभे. तिचा चेहरा उतरला, तो मला बघवेना. "मी भरवतो," म्हणत पुढे झालो आणि सगळ्यांकडे पाठ करून खिशातला एक पेढा पोळीत दडपला. बैलाने ती झटक्यात ओढली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिशाकडे. क्षणात त्याचं तोंड माझ्या खिशात होतं. कागद फाटला आणि पेढे अंगणात पडले.

भाऊ कासरा धरून आभाळ न्याहाळू लागला.

"कवापासून?" बायकोने विचारलं.

"पहिल्या महिन्यापासून," मी म्हणालो. खरं बोलायला इतका कमी वेळ लागतो, हे मला ठाऊक नव्हतं.

ती भांडली नाही. वाकून बैलाच्या तावडीतून सुटलेला एक पेढा उचलला, पदराने पुसला आणि सावकाश खाल्ला. मग दिराला म्हणाली, "भाऊजी, गूळ आहे न घरात? चहा टाकते."

"अन् मले?"

"तुमच्यासाठी पान आणलं न मी."

आता आमच्याकडे सकाळी दोन पातेली चढतात. तिच्या पातेल्यातला गुळाचा वास घरभर फिरतो. मी माझा चहा पितो. मान डोलवत नाही. परवा तिने विचारलं, "कसा झाला?"

"मागून कडू लागते."

"मले तर पहिल्या दिवसापासून लागत होता," ती म्हणाली आणि आपला कप घेऊन ओसरीवर गेली.