पाणी आलं की पळायचं

गाव सोडलं त्या दिवशी पोराने गाडी पुलावर थांबवली. म्हणाला, "आई, नदीला नमस्कार करून घे." मी खाली बघितलं तर नुसते गोटे. मी म्हटलं, "चल बाबा. ती संध्याकाळी येईल. तिला आता ड्युटी लागलीय."

मागे रस्त्यावर माझे धाकटे दीर, नामदेवभाऊजी, उभे होते. टरबुजाच्या बियांचा डबा मी मुद्दाम त्यांच्यापासून लपवून पिशवीत घातला होता. मागे ठेवला असता तर त्यांनी बी लावलंच असतं.

तुम्ही गावात राहिलात ते आणि सुरतेला-पुण्याला पांगलात ते, सगळ्यांनाच हे ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण गप्प राहून माझा घसा दुखायला लागलाय.

धरणाशी आपलं भांडण नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते होतंच. कालव्याला पाणी द्यायचं आणि नदीलाही बारीक धार सोडायचं. त्या धारेवर आपली वाळूतली टरबुजाची वाडी. पावसाळा सरला की वाळूत खड्डे घ्यायचे, शेणखत घालायचं, आणि भिजवलेलं बी फडक्यात बांधून पोटाशी धरायचं, मोड येईस्तोवर. सासूबाई म्हणायच्या, "बी पोटाशी आहे, कुणाशी भांडायचं नाही." तेवढे दिवस मी नवऱ्याशीसुद्धा गोड बोलायची. तो म्हणायचा, "हिला बाराही महिने बी बांधा."

मग त्या धरणाला पॉवरहाउस जोडलं. साहेब आले, चावडीवर बसले, म्हणाले, "नवीन काहीच बुडत नाही. पाणी तेच, फक्त चाकावरून खाली येणार." आणि आपण त्यांना चहा पाजला!

पाणी तेच हो, पण वेळ कुणाची? शहरात दिवे लागायची! दिवसभर अडवून धरायचं, नदी ठणठणीत कोरडी. दिवे लागले की एकदम सोडायचं, पुरुषभर. माशांनी अंडी घातली ती दुपारी गोट्यांवर वाळली. टिटवीने वाळूत घातली ती संध्याकाळी वाहून गेली. पाणी येतं तेही तळातलं, गारढोण, कुबट वासाचं. वाळू रोज थोडी जाते, नवी येत नाही. ती धरणामागेच अडकलीय. याला म्हणे स्वच्छ वीज. धूर दिसत नाही, एवढीच काय ती स्वच्छता!

दोन वर्षं वाडी गेली. दुसऱ्या वर्षी भाऊजी वेलांत होते. वारा उलटा, पाणी सोडताना वाजवतात तो भोंगा ऐकूच आला नाही. बाभळीला मिठी मारून राहिले म्हणून वाचले. साहेब म्हणाले, "भोंगा वाजवला होता की." जसं काही भोंगा ऐकणं हे आपलं काम आणि वाजवला की त्यांचं संपलं.

म्हणून मी इंदूरला आले. पोराची नोकरी पोलोग्राउंडला, घर बडा गणपतीजवळ, नातवाचा जन्मही इथलाच. आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी अंगणात पापड वाळत घालत होते. शेजारच्या कुंदाताई ओरडल्या, "काकू, चलो जल्दी, नर्मदा आली!" मी पापडाची चादर गोळा केली आणि जी जिन्याने पळाले ती थेट छतावर. खाली बघते तर सगळ्या बायका बादल्या घेऊन नळाकडे धावताहेत! इथे नळाला पाणी आलं की नर्मदा आली म्हणतात, मला काय माहीत? समोरचा पोहेवाला हसून लोटपोट. "अरे भिया, आंटीजी तो बाढ़ समझ के भाग गईं!"

मीही हसले. पण पापडांचा चुरा झाला होता. पाणी आलं म्हटल्यावर पळायचं, हे मला कुणी शिकवलं? जन्म नदीकाठी गेला माझा!

पोरगा कूलर लावतो तेव्हा मी विचारते, ही आपल्याकडचीच वीज का रे? तो म्हणतो, "आई, ग्रिड असते. कुठली वीज कुठे गेली ते सांगता येत नाही." असेल बाबा. पण वाहून कुणाचं गेलं ते मात्र नेमकं सांगता येतं.

परवा भाऊजींचा फोन आला. "वहिनी, बी पाठवा. जुनं झालं तर उगवायचं नाही. यंदा लावतोच."

"आणि पाणी आलं तर?"

"बाभूळ आहे की."

असा संताप आला मला! त्यांचा नाही, त्या बाभळीचा. माणसाने बाभळीच्या भरवशावर शेती करायची?

मी म्हटलं, "भाऊजी, बी पाठवत नाही. घेऊन येते. पण वाळूत उतरायचं नाही. आधी पॉवरहाउसच्या फाटकाशी बसायचं. साहेबांना सांगायचं, दिवसभर नदीला धार सोडा आणि संध्याकाळी एकदम लोंढा सोडू नका. एवढं करा, मग बी लावू." ते म्हणाले, "आईचं म्हणणं विसरलात का? बी पोटाशी असताना भांडायचं नसतं."

"तेवढं यंदा मोडणार आहे," म्हटलं.

आज बी भिजत घातलंय. सकाळी फडक्यात बांधून बसमध्ये बसेन. तुम्हीही या, सुरतेहून, पुण्याहून. घर कुठलं असं कुणी विचारलं तर आता मला एवढंच सांगता येतं: पाणी आलं अशी हाक ऐकून माणूस पाण्याकडे धावतो, ते घर. माझ्या नातवाचं तसं घर इथे आहे. माझं मी मागायला निघालेय.