व्लास्ताबाईंची अळंब्यांची जागा

झेक देशातल्या ओलोमोउत्स गावच्या माणसाला त्याचं दुखणं विचारा, घटस्फोट का झाला ते विचारा, तो सगळं सांगेल आणि वर बिअर पाजेल. पण पानगळीच्या दिवसांत त्याच्या हातात अळंब्यांनी भरलेली टोपली दिसली आणि तुम्ही "कुठे सापडल्या?" असं विचारलंत, तर उत्तर एकच : "जंगलात." विचारणाऱ्यालाही त्याहून जास्त अपेक्षा नसते. आपलं भेटल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून विचारायचं.

व्लास्ताबाईंनी हे उत्तर जन्मभर दिलं. विद्यार्थी-वसतिगृहाच्या दाराशी काचेच्या खोलीत बसून त्या खोल्यांच्या चाव्या सांभाळायच्या. खोलीत एक विजेची किटली, एक कुंडी आणि पायांत घरच्या सपाता. बाहेरून येणाऱ्याच्या चेहऱ्याआधी त्या त्याचे बूट बघायच्या. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. स्वतःचं म्हणावं असं त्यांच्याकडे एकच होतं : अळंब्यांची जागा. डोंगराकडच्या बसच्या शेवटच्या थांब्यावरून वर चढायचं, विजेच्या तारांखालून जायचं, की दोन जुन्या बीचच्या झाडांमधला उतार. वडिलांनी ती जागा फक्त थोरलीला दाखवली होती. धाकटीला, यार्मिलाला, नाही. कारण यार्मिलाच्या पोटात काही राहत नसे.

यार्मिला विद्यार्थ्यांच्या खाणावळीत वाढायला होती. दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती व्लास्ताबाईंकडे जवाचा, अळंब्या आणि लसूण घातलेला कुबा खायची, बोटं चाटायची आणि विचारायची, "कुठल्या गं?"

"जंगलातल्या."

"बाबा गेले, आता तरी सांग."

"खा मुकाट्यानं. निवतंय."

अशात दुआर्ते आला. पोर्तुगालचा, एका सहामाहीपुरता, भूगोल शिकायला. बाकीची परदेशी पोरं आल्या आल्या एकमेकांच्या गळ्यात पडली. हा आपला डब्यातले मासे पावाला लावून खोलीत एकटा खायचा. झेक भाषेचा वर्ग त्यानं लावला होता, पण तोडकंमोडकं ऐकून घ्यायला वेळ कुणाला? तो व्लास्ताबाईंना होता.

"लिफ्टमध्ये माणसं होती ना?" त्यांनी एकदा त्याला काचेतून हटकलं. "मग नमस्कार कुणी करायचा?"

"मी त्यांना ओळखत नाही."

"म्हणूनच करायचा. ओळखीच्यांना काय, तोंड फिरवलं तरी चालतं."

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी तो फरशीवरून मोज्यांनी चालताना दिसला, तेव्हा बाईंनी घरून नवऱ्याच्या सपाता आणून त्याच्यापुढे टाकल्या. त्या त्याला मोठ्या व्हायच्या. तो जिन्यावरून येतोय हे फटक-फटक आवाजावरून कळायचं. तो आवाज ऐकला की बाई किटली लावायच्या.

आणि मग एका रविवारी, का कोण जाणे, त्या त्याला म्हणाल्या, "उद्याचं काय सांगावं. चल, तुला जंगल दाखवते."

तो प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. बाईंनी ती काढून घेतली. "गुदमरतात त्यात अळंब्या. तुला कोंबू का?" वर पोचल्यावर त्यांनी छोट्या सुरीनं देठ कसा कापायचा ते दाखवलं, किडका तुकडा कसा टाकायचा ते दाखवलं. दुआर्तेला पानांखाली अळंबीची पहिली तपकिरी टोपी दिसली आणि तो गुडघ्यांवरच बसला.

"व्लास्ताबाई," तो म्हणाला, "इथला माझा हा पहिला चांगला दिवस."

बाईंनी उगाच टोपलीतल्या अळंब्या वरखाली केल्या. "ही जागा कुणाला सांगायची नसते."

"का?"

"नसते."

त्यानं छातीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून पोरगा बदलला. स्वयंपाकघरात त्यानं लोण्यावर अळंब्या परतल्या, त्या वासानं अख्खा मजला गोळा झाला आणि त्याला एकदम मित्र फुटले. आता तो खाली यायचा तो तिघाचौघांत. काचेसमोर थांबायचा कमी, हात हलवायचा जास्त. बाईंनाही बरंच वाटलं. रुळला म्हणायचा. किटली मात्र त्या सवयीनं लावायच्या.

पुढच्या आठवड्यात छान पाऊस पडून गेला. रविवारी बाई टोपली घेऊन निघाल्या. विजेच्या तारांखाली पोचल्या तर वरून गाणं ऐकू आलं. जंगलात गाणं म्हणजे कुणीतरी सहलीला आलंय, जाईल खाली, असं त्यांनी मनाला समजावलं. दोन बीचच्या मधे मात्र दुआर्ते होता, त्याच्याबरोबर वसतिगृहातली दहाएक पोरं होती, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, आणि मधोमध, टोपली काखेला मारून, देठ कसा कापायचा ते शिकवत होती यार्मिला.

"उशीर केलास, व्लास्ता," ती म्हणाली.

दुआर्ते तर धावतच आला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नाही. वाढदिवसाला सगळ्यांना बोलावून ठेवावं तसा आनंद. "बघा, सगळ्यांना घेऊन आलो. तुमच्या बहिणीलासुद्धा."

"कुणाला सांगायचं नसतं म्हटलं होतं मी."

"हे 'कुणी' नाहीत, माझे मित्र आहेत." मग तो जरा गोंधळला. "आणि बहीण तर तुमचीच आहे. मी खाणावळीत म्हटलं, व्लास्ताबाईंच्या अळंब्या तुमच्या रश्शापेक्षा चांगल्या. त्या म्हणाल्या, कुठल्या? मला वाटलं, ठाऊक असेल."

"त्यानं सांगितलं हो," यार्मिला म्हणाली. तिचा आवाज आता चिडवण्याचा राहिला नव्हता. "उकडलेल्या क्नेडलिक-पावाचे दोन काप जास्त वाढले, तेवढ्यावर सांगितलं. मी इतकी नाताळं विचारत आले. भाजी चिरली, भांडी घासली. आणि तू हे महिन्यापूर्वी आलेल्या पाहुण्याला दाखवलंस."

बाईंना रागवायचं दोघांवर होतं आणि रागवण्याचा हक्क निम्मा समोरचीनं आधीच उचलला होता. त्यांनी उताराकडे पाहिलं. पालापाचोळा उकरलेला, कोवळ्या, अजून न उमललेल्या टोप्याही उपटलेल्या. वडील एवढ्याशांना पानांनी झाकून पुढे जायचे. रिकामी टोपली घेऊन त्या खाली उतरल्या आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या.

सोमवारी सपातांचा आवाज काचेपाशी थांबला. "व्लास्ताबाई, तुमच्यासाठी थोड्या ठेवल्यात."

"चावी हवी आहे का तुम्हाला?"

कालपर्यंत ज्याला अरे-तुरे करत होत्या त्याला तुम्ही. पोरगा उभाच राहिला. त्याला झेक अर्धंच यायचं, पण हे पुरतं कळलं. ताटली खिडकीत ठेवून तो वर गेला. बाईंनी ती सफाईवालीला देऊन टाकली. किटलीला हात लावला नाही.

यार्मिलाशीही बोलणं बंद झालं. पुढच्या रविवारी बाई जंगलात गेल्या नाहीत. जाऊन काय, पिशव्या मोजायच्या?

झाडं निम्मी उघडी झाली तेव्हाची गोष्ट. दुआर्ते बाहेरून आला. एकटाच. गुडघे चिखलाचे, हातात बाजारातून घेतलेली नवी वेताची टोपली, वर नेचाची पानं झाकलेली. दाराशीच त्यानं बूट काढून सपाता घातल्या. मित्रांनी घेरलं. "कुठे सापडल्या रे?"

"जंगलात," तो म्हणाला.

मित्र मागे लागले, हसले, शेवटी कंटाळून गेले. बाई काचेमागून बघत होत्या. तो चावीसाठी खिडकीशी आला. नेचाच्या पानांखालून दिसत होत्या त्या साध्या नव्हत्या. जाड, घट्ट, एकही किडकी नाही, आणि कोवळी तर त्यात एकही नव्हती. अशा त्या दोन बीचच्या मधेही क्वचितच मिळायच्या.

बाईंना राहवलं नाही. "कुठे सापडल्या?"

दुआर्तेनं त्यांच्याकडे पाहिलं. कान लाल झाले, पण नजर हलली नाही.

"जंगलात."

त्यानं टोपलीतली सगळ्यांत चांगली एक काढून खिडकीत ठेवली, चावी घेतली आणि फटक-फटक वर गेला.

व्लास्ताबाईंनी ती अळंबी उचलून उलटीपालटी करून पाहिली. माझ्या बापाची जागा घेतली, नवऱ्याच्या सपाता पायांत आहेत, आणि मला म्हणतो जंगलात. त्यांनी फोन उचलला.

"यार्मिला? मी. त्या पोराला नवी जागा सापडलीय. तुला काही बोलला का?"

पलीकडे खाणावळीतली भांडी वाजत होती.

"नाही," यार्मिला म्हणाली. "चार काप वाढले, तरी नाही. तुला?"

"मलाही नाही."

"मेला," यार्मिला म्हणाली.

"मेला," व्लास्ताबाई म्हणाल्या, आणि तुझ्या पलंगाखाली असतील त्या अळंब्या वाळवायच्या जाळ्या रविवारी घेऊन ये, जंगलात जाऊ म्हणाल्या.