सुपारीचा फ्लॅग

फोन वाजला तेव्हा मी हसतच उचलला. रविवार होता, बेलव्ह्यूत सकाळचे अकरा वाजले होते, आणि टीव्हीवर आमच्या फुटबॉल टीमवर नुकताच असा काही अन्याय झाला होता की नेपरव्हिलहून बाबांचा फोन येणार यात शंकाच नव्हती. नाव न बघता म्हटलं, “बघितलं, बघितलं! आंधळे आहेत मेले रेफ्री सगळे!” पलीकडे अमोल होता, माझा धाकटा भाऊ.  म्हणाला, “ताई... बाबा गेले.” खुर्चीत बसल्या बसल्या, मॅच चालू असताना. आता दीड महिना होत आला, पण रेफ्रींचा तो कॉल, तो निर्णय, बाबांनी पाहिला होता की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मूर्खासारखा प्रश्न आहे, पण रोज पडतो.

बाबा मूळचे सांगलीचे. इथे अमेरिकेत पस्तीस वर्षं त्यांनी पुलांची तपासणी केली. “पूल कुणाच्याही गावातला असो, माप एकच,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अमेरिकन फुटबॉल ते बघू लागले ते बर्फामुळे, घराबाहेर पडता येईना म्हणून. पण पुढे वेडच लागलं. त्यातही खेळापेक्षा डोळा रेफ्रींवर. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घालतात म्हणून त्यांना ‘पट्टेवाले’ म्हणायचे. कुणी नियम मोडला की रेफ्री मैदानात पिवळा फडका टाकतो, तो फ्लॅग. नीट जाऊन पडावा म्हणून त्यात वजन असतं. बाबांनी स्वतःचा केला होता: आईला हळदीकुंकवात मिळालेला पिवळा ब्लाउजपीस, आणि टोकाला गाठीत त्याच ओटीतली सुपारी. पट्टेवाल्यांनी फाऊल सोडून दिला की फ्लॅग थेट टीव्हीवर! “अहो, ओटीची सुपारी आहे ती!” आई ओरडायची. “मग न्यायालाच वापरतोय की,” हे उत्तर. घरात नियमही खरे पाळले जायचे. निकाल लागेपर्यंत फ्लॅगला हात लावायचा नाही. फाऊल नसेल तर तसं सांगून उचलायचा. असेल तर शिक्षा. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो ‘शिक्षा नको’ म्हणू शकतो. अमोल आणि मी लहानपणी भांडणंसुद्धा अशीच मिटवायचो.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मला विमानाने चार तासांवरच्या बेलव्ह्यूची नोकरी मिळाली. तोवर मी आईबाबांपासून दहा मिनिटांवर राहत होते. बर्फ पडला की ऑफिसच्या आधी त्यांचा ड्राइव्ह-वे साफ करायला जायचे. अमोल सहा वर्षांपूर्वीच नोकरीसाठी लांब अ‍ॅशबर्नला गेला. तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते, भाड्याचा ट्रक स्वतः चालवत नेला होता. म्हणून मला वाटलं, पेढे नाहीत तरी शाब्बास म्हणतील. रविवारी मॅच बघायला गेले. पहिल्या हाफमध्ये आमच्या खेळाडूने चेंडू झेलणाऱ्याचा हात धरला, फ्लॅग पडला. शेवटच्या दोन मिनिटांत समोरच्या टीमच्या माणसाने आमच्या माणसाचा अगदी तसाच हात धरला, काही नाही. बाबा ताडकन उठले. “तोच हात, तेच धरणं! तेव्हा फाऊल आणि आता नाही? लाजा कशा वाटत नाहीत!”

आणि मी शहाणीने नेमकी तीच वेळ साधली. जाहिराती लागल्या तशी म्हटलं, “बाबा, मी बेलव्ह्यूचा जॉब घेतेय.”

त्यांनी टीव्ही म्यूट केला. “आणि आईचे गुडघे? बर्फ कोण काढणार? आईबापांना असं टाकून निघालीस?”

“अमोल गेला तेव्हा पेढे वाटलेत!”

“त्याची गोष्ट वेगळी.”

“कशी वेगळी? सांगा ना, कशी?”

त्यांनी टीव्हीचा आवाज परत चालू केला. माझं डोकंच फिरलं. खुर्चीच्या हातावरचा फ्लॅग उचलला आणि त्यांच्याच अंगावर फेकला. त्यांच्या गुडघ्यावर आपटून तो कार्पेटवर पडला. “तोच नियम आणि दोन कॉल! पट्टेवाल्यांना कशाला शिव्या देता मग?” आई स्वयंपाकघराच्या दारात हात ओले तसेच धरून उभी होती. मी बूट पायात सरकवले आणि निघून आले. दोन आठवड्यांनी बेलव्ह्यूला गेले.

दोन महिने फोन नाही. मग डिसेंबरात एका रविवारी आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. “फाऊल होता की नव्हता?” “होता.” “मग!” ठेवला. तेव्हापासून दर रविवारी. सीझन संपला की फोन बंद, सप्टेंबरात पुन्हा सुरू. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज म्हणतील, चुकलं माझं. एवढंच हवं होतं हो मला! तेवढं सोडून सगळं बोलायचे. मीही त्यांचीच पोर. ते म्हणत नाहीत तोवर घरी पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून बसले. नाताळात गेले नाही, दिवाळीला गेले नाही. शेवटच्या रविवारी मी विचारलं, “फ्लॅग टाकलात की नाही?” म्हणाले, “हल्ली नाही टाकत.” मला वाटलं, थकले असतील. का, ते विचारलं नाही.

मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. बाबांच्या खुर्चीसमोर कार्पेटवर फ्लॅग पडला होता. मला वाटलं, जाता जाता टाकला असेल. उचलायला वाकले तर आई ओरडली, “थांब! तू टाकलास तिथेच आहे तो.”

“वर्षभर?”

“भोवतीने व्हॅक्यूम फिरवते मी. एकदा उचलायला गेले तर अंगावर आले. निकाल लागायचाय म्हणाले.”

“मग लावायचा ना निकाल!” मी सगळ्यांदेखत किंचाळले.

“तेच म्हटलं मी,” आई म्हणाली. “तर म्हणाले, फाऊल नव्हता म्हणून उचलता येत नाही. आणि होता हे पोरीला सांगायला तोंड होत नाही.”

मी तिथेच खाली बसले. केवढा राग आला मला त्यांचा... आणि माझा. सगळे बघत होते. मोठ्याने म्हटलं, “फाऊल होता, बाबा. शिक्षा नको.” आणि फ्लॅग उचलला.

त्याच्याखाली कार्पेटचा तेवढाच तुकडा नव्यासारखा राहिलाय. सुपारी आता माझ्याकडे आहे. आई मात्र अजूनही व्हॅक्यूम त्या तुकड्याच्या भोवतीनेच फिरवते.