क्लोरिनचा अणुभार सेहेचाळीस

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राचा हंगामी व्याख्याता होतो. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे विभागप्रमुख माझा एक तास ऐकून ठरवणार होते. लग्न ठरलेलं, दुसरी नोकरी नजरेत नव्हती, तरी मी निर्धास्त होतो. शिकवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, अशी माझी समजूत होती. ती आजही फारशी बदललेली नाही.

विषय होता मास स्पेक्ट्रमवरून अणुभार काढणं. यंत्र आमच्याकडे नव्हतंच. पुस्तकातला क्लोरिनचा आलेख मी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावला. पस्तीस वस्तुमानावर उंच रेघ, सदतीसवर बुटकी; क्लोरिनचे अणू या दोन वजनांचे, आणि रेघ जितकी उंच तितके त्या वजनाचे अणू जास्त. अशा आलेखात सगळ्यात उंच रेघेला शंभर मानतात आणि बाकीच्या तिच्या मानाने मोजतात. बुटकी भरली बत्तीस.

पस्तीस गुणिले शंभर, सदतीस गुणिले बत्तीस, दोन्हींची बेरीज. मग टक्केवारीची गणितं सोडवून लागलेल्या सवयीने मी शंभरने भागलं. उत्तर आलं सेहेचाळीस पॉइंट चौऱ्याऐंशी. त्याखाली मी ऐटीत दोन रेघाही ओढल्या.

दुसऱ्या बाकावरची भिवापूरची मुलगी उभी राहिली. तिच्या घरी मिरचीचा व्यापार.

"सर, तिखट मिरचीत फिक्की मिसळली, तर मिसळलेली तिखटाहून तिखट कशी होईन? एकही अणू सदतीसच्या वर नाही, अन् सरासरी सेहेचाळीस काहून?"

मी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. दोन्ही रेघा मिळून एकशे बत्तीस होत होत्या, भागायचं त्याने होतं. मागच्या बाकावर विभागप्रमुख बसलेले.

"शाब्बास!" मी म्हणालो. "मुद्दामच चुकवलं होतं. पाहत होतो, कोण पकडतं ते." पुन्हा भागाकार केला. पस्तीस पॉइंट अठ्ठेचाळीस. वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि मी त्या बिनदिक्कत घेतल्या.

तास संपल्यावर प्रमुखांनी खोलीत बोलावलं. मी त्यांचाच विद्यार्थी. "खरं सांग गा, मुद्दाम चुकला होता?"

एक 'हो' पुरेसं होतं. पण त्यांच्यासमोर ते तोंडातून निघेना. "नाही सर."

"मग उद्या वर्गाले सांग. सही त्याच्यानंतर."

इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी उभा राहिलो आणि सांगून टाकलं, की मी सरळसरळ चुकलो होतो आणि वर खोटंही बोललो. दुपारी मला कायम करण्याच्या कागदावर सही झाली.

संध्याकाळी ती मुलगी प्रयोगशाळेच्या दारात भेटली.

"मले कालच समजलं होतं, सर. तुमचे कान लाल होऊन राहिले होते."

"मग तेव्हाच बोलली काहून नाही?"

"मागं मोठे सर बसले होते ना."