शेवटच्या घराची ओ

पुतण्याने नव्या घराचा नकाशा माझ्यापुढे पसरला तेव्हा देवघर शोधायला मला वेळ लागला. सिनेमाची खोली मात्र लगेच सापडली. घराची मागची सगळी बाजू तिनेच व्यापली होती.

पुतण्या मोहर्लीच्या एका रिसॉर्टवर मॅनेजर आहे. तिथे पाहुण्यांना न्हाणीघरातही बासरी ऐकू येते. वाघ पाहायला आलेल्या माणसाला आंघोळीत बासरी कशाला, हे मी कधी विचारलं नाही. पण तेच सुख आपल्या आईवडिलांना गावात मिळावं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. हेतू चांगला होता. गाव ब्रह्मपुरीच्या अलीकडचं, धानाचं. तिथे थोरला भाऊ शेती करतो. जुनं मातीचं घर पाडून त्याच जागेवर नवं बांधायचं ठरलं आणि घरातला शिकलेला म्हणून मला चंद्रपूरहून बोलावणं आलं. मी जन्मभर इतिहास शिकवला. पण शिकलेल्या माणसाला वायरीही कळतात, असा आमच्याकडे समज आहे.

नागपूरहून एक तरुण लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने घराचे झोन पाडले. स्वयंपाकघर एक झोन, ओसरी दुसरा. प्रत्येक झोनच्या छतात स्पीकर, भिंतीवर पडदा, आणि सगळ्यांचा कारभार एका मोबाइलवर.

"घरातला एकही कोपरा मुका राहणार नाही, सर," तो मला म्हणाला.

"मले बातम्या दिसल्या म्हंजे झालं," भाऊ म्हणाला.

"बाबा, बातम्या संडासातबी ऐकू येतीन."

"तिथीच ऐकाच्या लायकीच्या असतेत त्या."

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या नकाशावरच्या मागच्या भिंतीवर बोट ठेवून बसल्या होत्या. "हिले खिडकी काऊन नाई?"

"सिनेमाच्या खोलीला खिडकी चालत नाही, काकू," नागपूरचा तरुण म्हणाला. "भिंतीला आतून फोम लागेल. बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही."

"मंग नाल्यावरून कोनी हाक मारली त मले आयकू कशी येईन?"

हा प्रश्न त्याला कळणं शक्य नव्हतं. आमचं घर गावाचं शेवटचं. मागे आवार, आवारापलीकडे झुडपी नाला, नाल्यापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि त्यांच्यामागे जंगल. दिवस बुडाल्यावर शेतावरून येणारा माणूस नाल्याच्या पलीकडे थांबतो आणि हाक देतो. शेवटच्या घराने ओ द्यायची आणि कोणीतरी टॉर्च घेऊन नाल्यापर्यंत जायचं. ओ आली नाही तर नाल्यात उतरायचं नाही, तलावाच्या पाळीने, त्या उंच बांधावरून, लांबून फिरून यायचं. हे कुणी ठरवलं ते माहीत नाही, पण नाल्यात वाघाने दोन माणसं नेल्यानंतर ठरलं एवढं माहीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे काम घरातल्या बाईकडे राहिलं, कारण दिवेलागणीला घरात तीच असते. लग्न होऊन आल्यापासून वहिनी ओ देत होत्या. हाकेवरून माणूस ओळखत.

पुतण्या कंटाळून म्हणाला, "आई, मांगं क्यामेरा लावून राह्यलो ना. अंधारातलंबी दिसते. कोन आलं ते तुले सैपाक करता करता दिसन."

"दिसन?"

"चेहरा दिसन. हाकेत काय दिसते?"

पाहणं हे ऐकण्यापेक्षा वरचढ, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही ते तर्काला धरून वाटलं. वहिनींनी भिंतीवरचं बोट उचललं. पुढे स्वयंपाकघरातला छोटा पडदा लागला तेव्हा तो शेजारणींना दाखवताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. त्यांना कौतुक होतं. ते नव्हतं असं आता म्हणणं सोपं आहे.

वास्तुशांत हिवाळ्यात झाली. धान कापून शेतात पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते. आमच्या बांधीला लागून ज्यांची बांधी, ते गृहस्थ सकाळी पूजेला येऊन गेले आणि जाताना भावाला म्हणाले, "जेवाले संध्याकाळी येतो. पुंजण्यात डुकरं घुसून राह्यले."

"वरण थंडं होईन बरं!"

"तुह्या घरी वरण गरम कराचं बटन नाई का? सगळ्याचंच त बटन बसवलं तुनं."

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. पुतण्याने सगळ्या झोनमध्ये एकच सनई लावली. ती स्वयंपाकघरात होती, जिन्यात होती, आणि मी हात धुवायला गेलो तर तिथेही होती. सिनेमाच्या खोलीत पाहुणे दाटीवाटीने बसले होते. पुतण्या त्यांना मोठ्या पडद्यावर एकेक करामत दाखवत होता. मग त्याने मागचा कॅमेरा लावला. करडं आवार दिसलं, नाला दिसला आणि नाल्यापलीकडे सकाळचे ते बांधीवाले गृहस्थ उभे दिसले. खांद्यावर कांबळं. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि मान मागे टाकली.

चित्राला आवाज नव्हता. वर सनई चालू होती.

"अरे, हे त टीवीत आले!" कोणीतरी ओरडलं. खोली हसली. दार उघडं होतं, त्यातून मला स्वयंपाकघर दिसत होतं. वहिनींच्या हातात भाताचा झारा होता. त्यांनी छोट्या पडद्याकडे पाहिलं आणि सवयीने, घर दणाणेल अशी, "ओऽऽ" दिली. तोंड पडद्याकडेच होतं. त्यावर तर बायका पोट धरून हसल्या. वहिनीही लाजून हसल्या.

पडद्यावर ते थांबले होते. त्यांनी पुन्हा हात तोंडाशी नेले. मग मान एका बाजूला करून ऐकत राहिले. पुतण्याने तोवर रिसॉर्टवरचा वाघाचा व्हिडिओ लावला होता, कारण पाहुण्यांना तो पाहायचा होता.

ते जेवायला आले नाहीत. पुंजण्याजवळच झोपले असतील, असं भाऊ म्हणाला. सकाळी त्यांचं प्रेत तलावाच्या पाळीखाली सापडलं. पाळीच्या उताराने ओढत नेल्याची खूण होती. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, झाडांना कॅमेरे बांधले गेले.

तेरवीच्या आधी वहिनी त्या गृहस्थांच्या घरी भेटायला निघाल्या. भाऊ आला नाही, म्हणून मी सोबत गेलो. त्या घरची बाई अंगणात बसली होती. वहिनी तिच्याशेजारी बसल्या. मग तीच म्हणाली, "तुमी ओ देल्ली असनच, बाई. त्याइलेच आयकू आली नसन. कान गेले होते त्याइचे."

वहिनींनी मान खाली घातली. "देल्ली होती," त्या म्हणाल्या.

बाईने त्यांचा हात धरला आणि रडली. वहिनींनी हात सोडवून घेतला नाही, धरलाही नाही.

परतल्यावर वहिनी दारातून आत आल्या, सरळ मागच्या खोलीत गेल्या आणि फोमवर तळहात दाबून उभ्या राहिल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "गवंड्याले बोलवा."

गवंडी दुसऱ्या दिवशी आला. भिंत वाजवून पाहिली आणि घण खाली ठेवला. आतून वायरी कुठून गेल्यात ते नागपूरच्या माणसालाच ठाऊक, आपण हात लावणार नाही, म्हणाला. पुतण्याने नागपूरला फोन लावला. तो बोलत असताना वहिनी टॉर्च घेऊन मागच्या आवारात गेल्या आणि नाल्याकडे तोंड करून बसल्या. ऊन अजून होतं.