सात दिवस काही लावायचं नाही!

घरी बसून राहिले असते तर माझ्याकडं सांगायला सुनेच्या तक्रारी सोडून काही उरलं नसतं. लेकाच्या दुकानात खुर्ची टाकून बसते, म्हणून दिवसाला एक तरी किस्सा आपोआप पदरात पडतो. सांगितला नाही तर रात्री जेवण पचत नाही बघा!

माझा लेक विलास. पुण्यात दुसऱ्याच्या हाताखाली पाच वर्षं गाड्या चमकवल्या, आता होटगी रोडला स्वतःचं दुकान टाकलंय. नव्या गाडीच्या रंगावर काचेसारखा पातळ थर चढवतो. कोटिंग म्हणतात त्याला. तो थर पक्का होईपर्यंत सात दिवस पाणी, साबण, हळदकुंकू काही लावायचं नाही. लावलं की डाग आत धरतो. सोलापूर एवढंसं! एका गाडीवर डाग दिसला की 'विलासकडं नको' हे गावभर व्हायला दोन दिवस लागायचे नाहीत. ही त्याची धास्ती. माझी त्याच्यापेक्षा जास्त.

*

गाडी द्यायच्या दिवशी विलास जेवत नाही. बॅटरीच्या उजेडात डाग शोधत गाडीभोवती वाकून फिरत असतो.

एकदा गिऱ्हाईक वेळेआधीच आलं. विलास टायरपाशी गुडघे टेकून बसलेला.

"काय हरवलं का, शेठ?"

"नाही, काही नाही."

अर्ध्या तासानं विलासनं चावी दिली, तर तो माणूस बॅटरी मागायला लागला. म्हणाला, "तुम्ही काय शोधत होता ते मला सापडल्याशिवाय मी गाडी नेणार नाही!"

*

नरसय्याचा टॉवेलचा कारखाना. काळी गाडी कोटिंग करून नेली आणि पंधरा दिवसांत परत आणली. उन्हात धरली तर सगळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा!

विलासचा चेहरा उतरला. "कशानं पुसता?"

"आमच्याच मागावरचा टॉवेल की! लहान बाळाला पुसतो यानं, एवढा मऊ हाय."

"आधी पाणी मारून धूळ काढता ना?"

नरसय्या माझ्याकडं वळला. "मावशी, तुमीच सांगा. धूळ असते म्हणून तर पुसायचं ना!"

*

वळसंगच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. विलासनं आवाज मोठा केला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"विलासराव, शेरडू चढलंय गाडीवर!"

विलास ओरडला. "मग? उतरवलं का?"

"उतरवायचं काय? चढतंय आन् घसरतंय, चढतंय आन् घसरतंय. लई वैतागलंय बिचारं."

"अहो, गाडीला काय झालं ते बघा!"

"गाडी दिसंना की! समदी वस्ती मधी हुबी हाय!"

*

बँकेतल्या एका बाई होत्या. गाडी रस्त्यावरच लावायच्या, घरी शेड नाही. त्या सात दिवसांत ढग दिसला की विलासला फोन. सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं, तर नवऱ्याला गाडीवर छत्री धरून उभं केलं.

संध्याकाळी पुन्हा फोन. "पाऊस नाही आला हो. पण वरून कबुतरानं घाण केली!"

विलासनं घाईनं विचारलं. "कुठं पडली? बॉनेटवर?"

"नाही, ह्यांच्या खांद्यावर."

"देवा, वाचलो!" विलास म्हणाला. पलीकडून फोन आपटला!

*

आणि ही गेल्या महिन्यातली गोष्ट. मंद्रूपची एक आज्जी नातवाबरोबर आली. पांढरी गाडी, कोटिंग कालच झालेलं. आज्जीच्या हातात ताट. हळद, कुंकू, नारळ, निरांजन, सगळं.

विलासनं हात जोडले. "आज्जी, सात दिवस थांबा. काही लावू नका."

"बिनपुजेची गाडी मी रस्त्याला लागू देणार न्हाय."

"आजे, डाग पडतो," नातू म्हणाला.

"ह्याच्या बापानं नवी मोटरसायकल आणली हुती," आज्जी विलासला म्हणाली. "पूजा उद्या करू म्हनला. उद्या उगवलाच न्हाय त्याला."

गाडीकडं बघू की त्या पोराकडं, मला कळेना.

आज्जीनं ताट खाली ठेवलं. "ह्यो थर कुनी चढवला?"

"मी," विलास म्हणाला.

"कशानं?"

"ह्या हातांनी."

"मग हिकडं आण ते हात."

आज्जीनं ओली हळद आणि कुंकू विलासच्या दोन्ही तळव्यांना फासलं, वर अक्षता ठेवल्या. निरांजन त्याच्याभोवती ओवाळलं. नारळ बाहेरच्या दगडावर फोडला. मग नातवाला म्हणाली, "चल आता."

गाडी निघाली. विलास दोन्ही हात वर धरून मधोमध उभा. गाडीला लागायला नको, कपड्यांना नको, भिंतीला नको. कुंकू मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. गाडी वळणाआड गेली तरी हात तसेच.

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आत आलं. "काय शेठ, पोलीस आलेत का काय?"

विलास हसला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "आई, आता हात धुऊ का?"

मी म्हटलं, "मंद्रूपला पोचल्याचा फोन येऊ दे आधी."